हिवाळ्यात घोड्या सांभाळताना: पाणी, लीद आणि रात्रीची राखण

आपल्याकडच्या थंडीनं धडधाकट घोडं आजारी पडत नाही, हे आधी नीट डोक्यात बसवून घ्या. पोटात वैरण असेल, अंग कोरडं असेल आणि अंगावर थंडीची लव आलेली असेल तर मोठ्या घोड्याला साधारण ५ अंशांपर्यंत काही होत नाही, आणि पुणे-नगरकडे पारा रात्री ८-१० वर येतो, निफाडकडं त्याहून खाली, पण तेही पहाटेचे चार तास, दुपारी परत २८-३० आहेच. मग डिसेंबर-जानेवारीत पोटशूळ का वाढतो, खोकला का लागतो? कारण घोडं पाणी कमी पितं, आपण तबेला ताडपत्रीनं गच्च बंद करतो आणि वैरण बदलतो. थंडीपेक्षा थंडीच्या भीतीनं आपण जे करतो ते जास्त नडतं. आणि त्यात बऱ्याच घोड्या याच दिवसांत वितात, म्हणजे लक्ष सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच आपण लवकर दार लावून झोपतो.

हे मी ज्यांच्याकडे चार-आठ घोड्या आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, मारवाडी असो, काठियावाडी असो नाहीतर आपली भीमथडी (तिला आता कर्नालच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळालीय, फार आनंदाची गोष्ट आहे ही). मोठ्या स्टडवाल्यांकडे (घोड्यांची पैदास करणाऱ्यांकडे) डॉक्टर असतो, सगळं असतं, त्यांना हे सांगायची गरज नाही.

सकाळी तबेल्यात गेलं की चंदी (दाण्याचा खुराक) नंतर, आधी लीद बघायची. मोतद्दाराला (घोडी राखणाऱ्या गड्याला) पण हीच सवय लावा. धडधाकट घोडं दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा लीद टाकतं, म्हणजे सकाळी ठाणाखाली चार-पाच ढीग दिसायलाच पाहिजेत, गोळे ओलसर, पायानं दाबले की फुटणारे. गोळे लहान, कडक आणि वरून चिकट चकचकीत दिसले की समजायचं आतडं कोरडं पडत चाललंय, घोडं अजून खात असलं तरी. लीद झाडून टाकली आणि मग विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही किती होती, म्हणून झाडण्याआधी बघायची आणि जमलं तर भिंतीवर खडूनं मांडायची. लीद बघून झाली की कालची वैरण किती उरली, पाणी किती कमी झालं, घोडी चारी पायांवर सारखी उभी आहे का, एवढं बघितलं की पाच मिनिटांत तबेल्याची तब्येत कळते.

आता पाणी. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, दूध पाजणारी असेल तर ५० च्या वर जातं. पावसाळ्यात हिरव्या गवतातून निम्मं पाणी पोटात जात होतं, आता वैरण वाळलेली, म्हणजे खरंतर जास्त प्यायला पाहिजे आणि नेमकं ते रात्रभर गार पडलेल्या हौदाला तोंड लावून मागं सरतं. हीटर वगैरे काही लागत नाही, बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमट लागतं हे आपण सगळेच अनुभवतो, तर सकाळी मोटर चालू करून बादलीत तेच भरा आणि टाकीत साचलेलं पाणी गोठ्याला-धुण्याला वापरा. विहिरीचं किंवा नळाचं असेल तर बंबातलं एक तपेलं गरम पाणी त्यात ओता, हाताला गार लागणार नाही इतपत झालं की बस. चंदीत रोज ३० ग्रॅम साधं मीठ, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, हे वर्षभर घालाच पण हिवाळ्यात तर चुकवूच नका, मीठ गेलं की तहान लागते. हौद असेल तर काही जणांकडं कोण किती प्यायलं ते कळतच नाही, म्हणून गाभण घोडीला तरी बादलीनं पाजा, बादली मोजता येते.

पोटशूळ सुरू झाला की घोडी पुढचा पाय आपटते, वळून वळून कुशीकडं बघते, वरचा ओठ वर करते, खाली बसते उठते आणि मग लोळायला लागते. पहिल्या खुणेलाच डॉक्टरला फोन करायचा आणि पुढची वैरण उचलायची. फोनवर सांगायला दोन आकडे हाताशी ठेवा, ताप आणि नाडी. ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस हा नॉर्मल, नाडी मिनिटाला २८ ते ४४. जबड्याच्या खालच्या कडेला बोट फिरवलं की जी दोरीसारखी शीर लागते तिच्यावर मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. निवांत असताना मोजायची सवय करा म्हणजे वेळेला हात शोधत बसणार नाही. ६० च्या वर नाडी म्हणजे थांबून बघू असं म्हणायचंच नाही, डॉक्टरला लगेच निघायला सांगा. आणि कळकळीनं सांगतो, तोंड वर बांधून बाटलीनं किंवा नळकांड्यानं तेल पाजू नका. जुन्या लोकांनी केलेलं आपण बघितलंय, पण ते तेल श्वासनलिकेत उतरलं की पोट बरं होईल आणि घोडी फुप्फुसानं जाईल. तेल द्यायचं ते डॉक्टर नाकातून नळी घालून थेट पोटात देतो.

तबेला बंद करायचा विषय आला की लोक ऐकत नाहीत, तरी सांगतो. वारा अंगावर थेट येणारी बाजू, बहुतेक ठिकाणी उत्तर किंवा पूर्व, तेवढीच घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत झाका, वरचा भाग उघडा ठेवा. चारी बाजूंनी ताडपत्री लावली की मुताचा अमोनिया आतच राहतो, पहाटे दार उघडल्यावर आपल्या डोळ्यांना झोंबतं ना, तेच घोड्यानं रात्रभर नाकानं ओढलेलं असतं, शिंगरू तर खाली बसूनच झोपतं म्हणजे त्याचं नाक त्या वासातच. खोकला तिथून येतो, थंडीतून नाही. शेकोटी तबेल्याच्या आत किंवा दाराशी नको, धूर आहेच आणि बाजूला वाळली वैरण आहे. त्यापेक्षा खाली अंथरूण जाड करा, गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा मिळाला तर फारच छान, लाकडाचा भुसा चालतो पण विणारीच्या खोलीत नको, ओल्या शिंगराच्या नाकात आणि बेंबीला चिकटतो.

झूल म्हाताऱ्या, हाडं दिसणाऱ्या, आजारी किंवा केस कापलेल्या घोड्याला घाला, बाकीच्यांना गरज नाही. घातलीच तर रोज सकाळी काढायची म्हणजे काढायची, खाली घाम येतो आणि दिवसभर तशीच राहिली की पाठीला बुरशी धरते. अंघोळ पण या दिवसांत बंद, कोरडा खरारा करा, कोवळ्या उन्हात उभं करून, केसांच्या उलट्या दिशेनं एकदा आणि सुलट एकदा. खरारा करताना हात बरगडीवर फिरवा. थंडीचे केस वाढले की घोडी लांबून भरलेली दिसते आणि आत बरगड्या मोजता येत असतात, डोळ्यापेक्षा हात खरं सांगतो. बरगडी दिसायला नको पण बोट दाबलं की लागायला पाहिजे, विणारी घोडी तर अगदी तशीच हवी, फार लठ्ठ नको आणि रोडकी तर मुळीच नको. पुढच्या पायांच्या केसांवर बारीक पिवळी अंडी चिकटलेली दिसली तर ती बॉट माशीची, त्यांच्यातली अळी पोटात वाढते, खरवडून काढा आणि डॉक्टरला विचारून जंताचं औषध त्याप्रमाणे द्या. नालबंद दीड-दोन महिन्यांनी आलाच पाहिजे, कोरड्या हवेत खुरांना चिरा पडतात.

वैरणीबद्दल जरा सविस्तर, कारण हिवाळ्यात आपल्याकडं चारा भरपूर दिसतो आणि त्यातला बराच घोड्याचा नसतो.

वाळलेली वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोडीला ६ ते ८ किलो, हे मुख्य अन्न. वैरण आतड्यात आंबते तेव्हा उष्णता तयार होते, म्हणून रात्री थंडी वाढणार असेल तर चंदी वाढवू नका, वैरणीची पेंढी एक जास्त टाका, रात्रभर चघळत राहील आणि आतून गरम राहील. लसूणघास चांगला, प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही आहे, पण दवानं भिजलेला तसाच पहाटे कापून टाकू नका, अर्धा दिवस सुकू द्या आणि वाळल्या वैरणीत मिसळून घाला. ज्वारी मात्र सांभाळून. रब्बीची कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला नकोच, तिच्यानं मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लुळे पडू शकतात आणि गाभण घोडीनं खाल्ली तर शिंगराचे सांधे आखडलेले निघू शकतात. कडब्याची जाड ताटं घोड्याला पचायला जड, पाणी कमी असेल तर आतड्यात गच्च बसतात. उसाचे वाढे कारखाने चालू झाले की फुकट मिळतात, पण त्यात ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, रोजची वैरण म्हणून वाढे आणि वर बादलीभर गव्हाचा कोंडा असं महिनोन्महिने चाललं (कोंड्यात फॉस्फरस जास्त) तर हाडातलं कॅल्शियम जायला लागतं, तोंडाची हाडं सुजतात, घोडं लंगडतं. कोंडा आठवड्यातून एक-दोनदा गरम पाण्यात भिजवून, मीठ-गूळ घालून द्यायला काहीच हरकत नाही, पाणी पोटात जातं त्या निमित्तानं, फक्त रोज नको.

चंदी एका वेळेला २ किलोच्या आत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा, वेळ ठरलेली. हरभरा भिजवून, जव किंवा ओट भरडून, जवस शिजवून थोडं. अवकाळीत भिजलेला, काळपट बुरशीचा मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, ती बुरशी घोड्याच्या मेंदूवर जाते आणि त्यावर इलाज नाही. तसंच गाईचा किंवा कोंबडीचा तयार खुराक घोड्यापासून लांब ठेवा, त्यातल्या काहींत मोनेन्सिन असतं, गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. ज्यांच्याकडं गोठा आणि तबेला शेजारी आहे त्यांनी घमेली पण वेगळी ठेवावीत.

शिंगराचं निम्म्याहून जास्त वजन पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, त्यामुळे आठव्या महिन्यापासून गाभण घोडीला चांगलं प्रोटीन आणि घोड्यांचं मिनरल मिक्श्चर सुरू पाहिजे. धनुर्वाताचा बूस्टर विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी द्या, म्हणजे चिकातून (विल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून) शिंगराला ते संरक्षण मिळतं. विणायची घोडी महिनाभर आधीच तिच्या खोलीत हलवा, तिथल्या जंतूंविरुद्ध तिच्या अंगात जे तयार होतं तेच चिकात उतरतं.

या सगळ्यात मध्येच दत्त जयंती येते आणि सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठचा तो घोडेबाजार ज्यानं बघितला नाही त्यानं एकदा तरी बघावा, देशभरातून घोडे येतात, नजर तयार व्हायची असेल तर तिथंच. पण तिथून आणलेलं घोडं, कितीही तेजदार असू दे, थेट तबेल्यात बांधू नका. तीन आठवडे वेगळं ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी, हात धुऊन. रोज ताप बघा, नाकातून घट्ट शेंबूड आणि जबड्याखाली गाठ आली तर स्ट्रँगल्स (घशाच्या गाठींचा संसर्गजन्य रोग) समजा. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, त्या रोगाला इलाज नाही, माणसालाही होतो आणि जनावर कायद्यानं मारावं लागतं. गाभण घोड्या असलेल्या तबेल्यात तर नवीन घोड्याच्या नाकातून येणारा हर्पीस व्हायरस गर्भ पाडतो, एक नाही, ओळीनं तीन-चार घोड्या टाकतात. हौसेनं आणलेल्या एका घोड्यापायी वर्षाचं पीक जाऊ शकतं.

लाईटचं तंत्र बरेच जण विचारतात. घोडी दिवस मोठा व्हायला लागला की माजावर येते, हिवाळ्यात बहुतेक घोड्यांचं अंडाशय शांत असतं. फेब्रुवारीच्या मध्यात भरवायची (नराकडून गाभण करायची) असेल तर १ डिसेंबरपासून खाली, म्हणजे गाभण नसलेल्या, घोडीला रोज एकूण १६ तास उजेड द्यायचा. आपल्याकडं तेव्हा दिवस ११ तासांचा, म्हणजे संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी दिवा लावून रात्री ११ पर्यंत. पहाटे उजेड वाढवून तेवढा उपयोग होत नाही, संध्याकाळीच वाढवा. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून पेपर वाचता आला की उजेड पुरेसा. मध्ये खंड पडू देऊ नका, शेतीच्या लाईनवर भरवसा ठेवला तर आठवड्यागणिक वेळा बदलतात, त्यामुळे इन्व्हर्टर आणि टायमर दोन्ही लावा, वायर घोडीच्या तोंडाला लागणार नाही अशी पाइपातून घ्या. पुण्याकडच्या थरोब्रेड स्टडवर हे वर्षानुवर्षं चालतं कारण रेसच्या घोड्याचा वाढदिवस कागदावर १ जानेवारीच धरतात, उशिरा जन्मलेलं शिंगरू वयानं मार खातं. आपल्या देशी घोड्यांना ती सक्ती नाही, तरी मला स्वतःला जानेवारी-फेब्रुवारीचं शिंगरू आवडतं, ना चिखल, ना माश्या, पाऊस येईपर्यंत पायावर पक्कं झालेलं असतं. नर घोड्याकडं पण आत्ताच बघा, वीर्य तयार व्हायला जवळजवळ दोन महिने लागतात, म्हणजे फेब्रुवारीत जे मिळणार ते डिसेंबरच्या खुराकाचं आणि व्यायामाचं.

आता राखण. घोडी सरासरी ३४० दिवस धरते, पण ३२० पासून ३६० पर्यंत काहीही होऊ शकतं, म्हणून तारखेवर जाऊ नका, घोडीवर जा. दोन ते चार आठवडे आधी कास भरायला लागते, शेपटीच्या मुळाजवळचं मांस लिबलिबीत होतं, आणि सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळसर थेंब धरले की बहुतेक एक-दोन दिवसांत विते. काही घोड्या मेण दाखवतच नाहीत. आणि घोडी माणसं गेल्यावर विते, तिला कळा थोपवता येतात, बहुतेक वितात त्या रात्री दहा ते पहाटे चारच्या मध्ये. त्यामुळे कॅमेरा लावा, दोन हजाराच्या आत चांगला मिळतो, आणि पाळ्या लावून बघा. आत सारखं जाऊन टॉर्च मारू नका.

पाणमोट फुटल्यापासून शिंगरू २० ते ३० मिनिटांत बाहेर यायला पाहिजे. आधी एक खूर, थोडं मागं दुसरं, तळवे जमिनीकडं, आणि गुडघ्यांवर नाक ठेवलेलं. तळवे वर दिसले, एकच पाय आला किंवा १०-१५ मिनिटं जोर करून काहीच पुढं सरकलं नाही तर लगेच डॉक्टर. एक प्रसंग असा आहे की डॉक्टरची वाट बघायची नाही. पांढरट निळसर पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी बाहेर दिसली तर वार (गर्भाला पोसणारी नाळेची पिशवी) आधीच सुटलीय, शिंगराचा श्वास तुटतोय, ती पिशवी त्या क्षणी कात्रीनं फाडा आणि घोडीच्या कळेबरोबर शिंगरू खाली, तिच्या टाचांच्या दिशेनं ओढा. कात्री, स्वच्छ टॉवेल, शेपटीला गुंडाळायला पट्टी, डॉक्टरचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात, हे खोलीबाहेर खिळ्याला टांगलेलंच असावं.

सगळं नीट झालं तर हात लावू नका. नाकावरचा पडदा काढा आणि मागं व्हा. नाळ कापायची नाही, घोडी किंवा शिंगरू उठताना ती आपोआप तुटते. मग बेंबी क्लोरहेक्सिडीनच्या पातळ द्रावणात बुडवायची, पहिल्या दिवशी तीन-चारदा. एक, दोन, तीन हे लक्षात ठेवा, एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत सडाला लागलेलं, तीन तासांत वार पडलेली. वार अडकली तर ओढायची नाही, गाठ मारून वर बांधा म्हणजे पायाखाली येणार नाही, आणि तीन तास झाले की फोन, कारण आत तुकडा जरी राहिला तरी विष भिनून घोडीचे खूर जातात. पडलेली वार फेकू नका, जमिनीवर पसरून बघा पूर्ण आहे का, नाहीतर बादलीत झाकून डॉक्टरसाठी ठेवा.

मोठ्या घोड्याला थंडी लागत नाही म्हटलं, ते ओल्या शिंगराला लागू नाही. त्याच्या अंगावर चरबी नसते, टॉवेलनं खसाखसा पुसून काढा, खूप गारठा असेल तर जुना स्वेटर पुढच्या पायांतून घाला, चालतो. चीक मात्र सगळ्यात महत्त्वाचा, घोडीच्या पोटात असताना शिंगराला रोगाशी लढायचं काहीच मिळत नाही, जे मिळतं ते चिकातूनच, आणि आतडं ते पहिल्या ६-८ तासांतच नीट शोषतं, २४ तासांनी दार बंद. मेणाचे थेंब सोडून आधीच दूध गळत असेल तर चीक वाया चाललाय, डॉक्टरला विण्याआधीच कळवा. पहिली काळी चिकट लीद १२ तासांत पडली पाहिजे, शिंगरू शेपटी उचलून कुंथत राहिलं तर बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की दोघांना लहान वाड्यात सोडा, वाऱ्याच्या आडोशाला, अर्धा तास, मग रोज वाढवा. घोडी सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास पहिल्यांदा माजावर येते, लगेच भरवायची घाई नको, वार उशिरा पडली असेल किंवा वीण अवघड झाली असेल तर पुढच्या माजाला भरवा. त्याच दिवसांत शिंगराला पातळ लीद होते, ते बहुतेकदा आपोआप थांबतं, मागचा भाग कोमट पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावा. पण शिंगरू सडाला लागायचं कमी झालं, घोडीची कास भरून गळायला लागली आणि ते पडूनच राहिलं, तर लीद पातळ असो वा नसो, सकाळची वाट न बघता डॉक्टरला बोलवा.